हेडमास्तरांचं कागदी काम एआयकडून कसं करून घ्यायचं: नागपूरच्या एका मॅडमचा अनुभव, पायरी पायरीने

डिसेंबर आला की नागपुरातल्या शाळांमध्ये दोन गोष्टी हमखास होतात, थंडी पडते आन् अधिवेशन लागतं. अधिवेशन लागलं की रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज पडतो, "विधानसभा प्रश्न, अतितात्काळ, सोबतच्या प्रपत्रात उद्या ११ पर्यंत माहिती सादर करावी". प्रपत्रात बारा रकाने, त्यातले नऊ आपण सप्टेंबरमध्ये वेगळ्या नावाने भरून दिलेले असतात. जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडायचा, आणि घरचे काही बोलत नाहीत कारण त्यांना बावीस वर्षांत सवय झाली आहे.

मी पूर्व नागपुरात एका अनुदानित शाळेची मुख्याध्यापिका आहे. वर्ग ५ ते १०, पट चारशेच्या आसपास, बाबू म्हणजे कारकून एकच. गेली दोन वर्षं मी हे एआय वापरून राहिली आहे, आधी भीत भीत, मग जरा जास्तच भरवशाने, त्यात एकदा तोंडघशी पडले तेही सांगते. आता एक पद्धत बसली आहे. ओळखीचे तीन-चार हेडमास्तर दर वेळी विचारतात की मॅडम तुम्ही नेमकं करता काय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. टेक्निकल माणसासाठी हे नाही, ज्याला व्हॉट्सॲप आणि एक्सेल थोडंफार जमतं त्याला पुरे आहे.

आधीच सांगून टाकते, यूडायस प्लस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार), संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) हे पोर्टल एआय भरून देत नाही. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येणार आणि सर्व्हर तुमच्याच तोंडावर बंद पडणार. त्यात कोणी चमत्कार सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

पायरी १: एक आठवडा नुसतं लिहा

ॲप डाऊनलोड करायच्या आधी एक जुनी वही घ्या. सोमवार ते शनिवार, दर अर्ध्या तासाला एक ओळ, काय केलं. खरं लिहायचं, कोणाला दाखवायची नाही. मी लिहिलं तेव्हा मला वाटत होतं माझा वेळ मीटिंगा खातात. निघालं भलतंच. सगळ्यात जास्त वेळ जात होता तो एकच गोष्ट वेगवेगळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा लिहिण्यात, आणि पत्राची पहिली ओळ सुचत नाही म्हणून बसून राहण्यात. "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" इथपर्यंत येते आणि पुढे डोकं बंद.

या वहीवरूनच पुढचं ठरतं म्हणून ही पायरी गाळू नका. तुमच्या शाळेत कदाचित पोषण आहाराचा हिशोब वेळ खात असेल, कोणाकडे आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्यातल्या प्रवेशांचे) अर्ज, कोणाकडे संस्थाचालकांचे फोन (त्यावर एआयकडे औषध नाही).

पायरी २: कामाचे तीन ढीग

वही संपली की कामं तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग, एआयला बिनधास्त देण्यासारखं: सूचना, पत्रांचे मसुदे, सभेचं इतिवृत्त, लांबलचक परिपत्रकाचा सारांश, स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, एक्सेलचे फॉर्म्युले.

दुसरा, अर्धं त्याचं अर्धं आपलं: वेळापत्रक, वार्षिक नियोजन, निकालाचं विश्लेषण, माहितीच्या अधिकारातल्या अर्जाचं उत्तर. अनुदानित शाळेत जन माहिती अधिकारी म्हणून सही आपलीच असते, ३० दिवसांची मुदत आपल्याच मानेवर असते, म्हणून मसुदा त्याचा चालेल, पण काय द्यायचं, काय नाही हे आपणच ठरवायचं.

तिसरा, याला हातच लावू द्यायचा नाही: शिक्षकाचा गोपनीय अहवाल, एखाद्या मुलीने केलेली तक्रार, पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) काहीही, मुलाच्या घरातली भांडणं, शिस्तभंगाचा निर्णय आणि कुठलाही पासवर्ड. पॉक्सोमध्ये तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, तिथे चॅटबॉटला विचारत बसायचं कामच नाही, उचला फोन.

पायरी ३: अकाउंट आणि त्यातली दोन बटणं

चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड, कोणतंही एक घ्या. फुकटवालं पुरतं. माझं मत विचाराल तर ज्याला तुमची मराठी नीट कळते ते घ्या, एकच पत्र दोघा-तिघांकडून लिहून घ्या आणि ठरवा. अकाउंट शाळेच्या वेगळ्या ईमेलवर काढा, स्वतःच्या घरच्या ईमेलवर नको.

मग सेटिंग्जमध्ये जा. बहुतेकांमध्ये एक बटण असतं की तुमच्या गप्पा मॉडेल सुधारायला वापरू द्यायच्या का, ते बंद करा. चॅटजीपीटीत ते डेटा कंट्रोल्समध्ये सापडतं. दुसरं म्हणजे टेम्पररी चॅट, त्यात केलेलं बोलणं हिस्टरीत राहत नाही, कामाचं आहे.

पण बटण बंद केलं म्हणजे मुलांची यादी टाकायला मोकळे झालो असं समजू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. आपली सगळी शाळाच त्यात येते. म्हणून माझा साधा नियम: नाव, आधार, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक), जात, मोबाईल नंबर, दिव्यांगत्व आणि फोटो बाहेर जाणार नाही. यादी द्यायचीच असेल तर नावाचा कॉलम उडवायचा आणि "९ब-१४" असा हजेरी क्रमांक ठेवायचा. कोणता नंबर कोणाचा ते हजेरीपटात आहे, हजेरीपट कपाटात आहे, कपाटाची चावी माझ्याकडे.

पायरी ४: ओळख-चिठ्ठी

खरी जादू इथे आहे, बहुतेक लोक हेच करत नाहीत आणि मग म्हणतात की एआय पुस्तकी लिहितं. त्याला आपण कोण ते माहीत नसतं. एक चिठ्ठी लिहून मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवा, दर वेळी आधी ती चिकटवा, मग काम सांगा. माझी अशी आहे:

"मी नागपूरमधील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. वर्ग ५ ते १०. कार्यालयाला जाणारं पत्र असेल तर महाराष्ट्रातल्या शासकीय पत्राच्या पद्धतीने लिही, प्रति, विषय, संदर्भ या क्रमाने, एका पानाच्या आत. पालकांची सूचना असेल तर सातवी शिकलेल्या माणसाला एकदा वाचून कळेल अशी, सहा ओळींत. जी माहिती मी दिली नाही तिथे टिंबं सोड, मनाने भरू नको. शासन निर्णयाचा क्रमांक किंवा तारीख स्वतःहून लिहू नको."

शेवटची दोन वाक्यं माझ्या फजितीतून आली आहेत. पहिल्या वर्षी एका शिक्षकाच्या रजेच्या पत्राला मी संदर्भ मागितला, ॲपने झकास शासन निर्णय (जीआर) लिहून दिला, विभाग, क्रमांक, तारीख सगळं. इतकं खरं दिसत होतं की मी सही करून आवक-जावकला पाठवलं. बाबूने जावक नंबर टाकता टाकता विचारलं, "मॅडम, हा जीआर प्रिंट काढून जोडू का?" आणि शोधला तर असा जीआरच नाही बाप्पा. शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला. आमच्या बाबूने विचारलं नसतं तर मी साहेबांसमोर काय तोंड दाखवलं असतं कोण जाणे.

तेव्हापासून नियम. जीआरचा उल्लेख आला की शासनाच्या वेबसाइटवर तो उघडायचा, संगणक संकेतांक (जीआरवर छापलेला त्याचा वेगळा क्रमांक) डोळ्याने जुळवायचा, तरच पत्रात ठेवायचा. एआय खोटं बोलतं असं नाही, त्याला रिकामी जागा बघवत नाही, काहीतरी भरतंच. परीक्षेत एकही प्रश्न न सोडणारा पोरगा असतो ना, तसं.

पायरी ५: रोजची कामं, एकेक करून

परिपत्रक वाचणं. पीडीएफ टाका आणि नुसतं "सारांश दे" म्हणू नका, त्यातून गुळमुळीत काहीतरी येतं. असं विचारा: "यात मुख्याध्यापकाने काय करायचं आहे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला सादर करायचं, सोबत काय जोडायचं, प्रत्येक मुद्द्यापुढे पान नंबर लिही." पान नंबर मागितला की पडताळायला दोन मिनिटं लागतात. बऱ्याच जुन्या पत्रांचा फॉन्ट असा असतो की कॉपी केलं की भलतीच अक्षरं पडतात, तेव्हा सरळ स्क्रीनशॉट द्या, तो वाचून घेतो. बरीच परिपत्रकं साठली असतील तर गूगलचं नोटबुकएलएम बघा, त्यात तुम्ही टाकलेल्या कागदांतूनच उत्तर येतं आणि कुठल्या कागदातून आलं तेही दाखवतं.

इतिवृत्त. शाळा व्यवस्थापन समितीची सभा झाली की पूर्वी इतिवृत्त पुढच्या सभेच्या आदल्या रात्री लिहिलं जायचं, खोटं काहून बोलू. आता सभा संपली, लोक चहा पिऊन राहिले की मी ग्राउंडवर एक चक्कर मारते आणि फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोलत सुटते, कोण काय म्हणालं, काय ठरलं, कोणी विरोध केला. पाच मिनिटं. मराठी व्हॉइस टायपिंग बऱ्यापैकी चालतं, "पाणी टाकीचं काम होऊन राहिलं" असं बोललं तरी एआय ते "पाण्याच्या टाकीचे काम प्रगतिपथावर आहे" करून देतो. माझी वऱ्हाडी धुऊन इस्त्री करून परत येते म्हणा. सभेचं रेकॉर्डिंग करून ते ॲपला देणं मला पटत नाही, आया मग मोकळ्या बोलत नाहीत, आणि या समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, निम्म्या बाया, त्या बोलल्या नाहीत तर सभा कशाला घ्यायची. आलेला मसुदा मात्र ओळ न् ओळ वाचा, कारण मी न सांगितलेलं "सर्वानुमते" त्याने दोनदा घुसवलं होतं, आणि एकदा तर त्याच ठरावाला विरोध झाला होता.

पोषण आहाराचा हिशोब. हे जरा खोलात सांगते कारण इथे माझा सगळ्यात जास्त वेळ वाचला. पाचवीपर्यंत मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवी १५० ग्रॅम. समजा आज पाचवीत ४६ हजर आणि सहावी-आठवीत १३८, तर ४.६ किलो अधिक २०.७ किलो, एकूण २५.३ किलो. रोज हे, मग शिल्लक, मग महिन्याची बेरीज, आणि महिनाअखेरीस पोत्यांशी जुळत नाही म्हणून डोकं धरून बसायचं. चूक अशी करू नका की महिनाभराची हजेरी एआयला देऊन "हिशोब कर" म्हणालात, लांब बेरजेत तो चुकू शकतो आणि चूकही इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की आपल्यालाच आपला संशय येतो. त्याच्याकडून एक्सेलचा फॉर्म्युला मागा. मी सांगितलं, "पहिल्या कॉलममध्ये तारीख, दुसऱ्यात पाचवीची हजेरी, तिसऱ्यात सहावी ते आठवीची, चौथ्यात तांदूळ किलोमध्ये आपोआप यावा, पाचव्यात कालची शिल्लक वजा आजचा वापर, शिल्लक ५० किलोच्या खाली गेली की चौकट लाल व्हावी, पायरी पायरीने कसं करायचं ते मराठीत सांग." वीस मिनिटांत शीट तयार. पहिला आठवडा हाताने केलेल्या हिशोबाशी ताडून बघितला, जुळला, मग सोडला. आता दोनच आकडे भरायचे. मुलाच्या हजेरीपेक्षा त्याचं ताट आधी मोजणारा माझा जुना शिपाईसुद्धा ती लाल चौकट बघून सांगतो की मॅडम, तांदूळ मागवा.

वार्षिक नियोजन आणि वेळापत्रक. इथे एआयला नागपूर शिकवावं लागतं. पहिल्यांदा मी वार्षिक नियोजन मागितलं तर त्याने शाळा १५ जूनला उघडली. अहो, आपल्याकडे जूनच्या मध्यात पोरं घराबाहेर निघत नाहीत, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडेच उघडतात, हे त्याला कोण सांगणार. पोळ्याचा दुसरा दिवसही त्याने पूर्ण कामाचा धरला होता. त्या दिवशी इकडे मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते आणि तान्हा पोळा असतो, बारकी पोरं लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरतात, त्या दिवशी घटक चाचणी ठेवून बघा कोण येतं ते. म्हणून आधी स्वतःची यादी द्या: उघडायची तारीख, स्थानिक सुट्ट्या, सकाळपाळी कधीपासून, परीक्षा. मग त्याला मोजायला लावा की पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस भरतात का, शिक्षण हक्क कायद्याने तेवढे लागतातच.

सकाळी तीन शिक्षक नसले की बदली तासिका लावणं हा रोजचा पंधरा मिनिटांचा डोक्याला ताप. शिक्षकांची नावं न देता "म-१, वि-२" अशा खुणा करून वेळापत्रक एकदाच दिलं, आता सकाळी नुसतं सांगते की म-१, इं-२ आणि भ-१ नाहीत, एका दिवशी कोणाला दोनपेक्षा जास्त बदली तासिका नको, कालच्यांना आज नको. पर्याय येतो. त्यातही मी हात घालते, कारण दहावीवर पाचव्या तासाला कोणाला पाठवायचं नाही हे मला माहीत आहे, त्याला नाही.

निकालाचं विश्लेषण. हजेरी क्रमांक आणि प्रश्ननिहाय गुण द्या, कोणत्या प्रश्नात वर्ग अडकला ते चांगलं सांगतो. का अडकला ते विचारू नका. नववीच्या गणितात भूमितीचे गुण पडले तर त्याने "संकल्पना दृढ करण्यासाठी उपचारात्मक अध्यापन" वगैरे अर्धा पान लिहिलं. खरं कारण एवढंच की तेव्हा आमच्या सरांना निवडणुकीचं काम लागलं होतं आणि तो धडा कोणी शिकवलाच नव्हता.

पायरी ६: रागाचा मेसेज

हे कामात धरायचं की तब्येतीत, मला ठरवता आलेलं नाही. रात्री अकरा दहा. एका पालकाचा मेसेज: "मॅडम तुमच्या शाळेत कोनाचं लक्ष हाय का नाई, माह्या पोराचा डबा रोज कोनीतरी खाते, उद्या येतो अन् पायतो." माझं रक्त चढलं. मी जे टाइप केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण पालकाला न पाठवता एआयला दिलं, म्हटलं हे थंड करून दे. त्याने दिलं, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो, आपल्या पाल्याचे हित हेच आमचे..." हे पाठवलं असतं तर तो माणूस अजून भडकला असता. बँकेच्या कॉल सेंटरची भाषा आहे ती, पोराचा डबा चोरीला गेलेल्या बापाशी बोलायची नाही. म्हटलं, निम्मं कर, गोड शब्द काढ, काय करणार ते लिही. शेवटी सकाळी सातला गेलं ते असं:

"दादा, डब्याचं मला कालच कळलं. आज साडेदहाला या, वर्गशिक्षकांनाही बसवते. तोवर त्याला डबा माझ्या ऑफिसात ठेवायला सांगा."

शेवटचं वाक्य माझं आहे, ते यंत्राला सुचलं नव्हतं. तो माणूस आला तेव्हा निम्मा शांत होता. रात्रीचं उत्तर सकाळी पाठवायचं हे मला कोणीतरी तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, पण तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पालक सरळ यायचे आणि टेबलावर हात आपटायचे.

आमच्याकडे बऱ्याच घरांत हिंदी बोलतात, काही आयांना वाचता येत नाही. सूचना दोन्ही भाषांत करून घेते, आणि मग मराठी-हिंदी दोन्ही स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट करून टाकते. यंत्राच्या आवाजातली पाठवून बघितली होती, एका आईने विचारलं, "ही नवीन मॅडम कोण आहे?"

पायरी ७: वाचलेला वेळ कुठे जातो ते पहा

बहुतेक लोक इथे फसतात, मीही फसले. पत्र चाळीस मिनिटांऐवजी दहात झालं की उरलेल्या तीस मिनिटांत आपण अजून तीन पत्रं लिहितो. महिनाभराने मी पहिल्यासारखीच रात्री साडेदहाला लॅपटॉपसमोर होते, फक्त फायली जास्त झाल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे शिक्षकांनाही कामाला लावलं. आता सोपं आहे ना, मग दर शनिवारी वर्गाचा अहवाल द्या, उपक्रमाचा अहवाल द्या, फोटोसह. एक दिवस स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सर हळूच म्हणाले, "मॅडम, तुम्ही एआयने मागता, आम्ही एआयने देतो, वाचतं कोण?" त्या दिवशी साप्ताहिक अहवाल बंद केला. खरं सांगते, कोणालाच त्याची आठवण आली नाही.

तर करायचं काय. वाचलेल्या वेळाला आधीच जागा द्या, वेळापत्रकात तासिका लिहितो तशी. माझ्या तीन आहेत. रोज दुपारी चौथा तास मी वर्गात असते, तपासायला नाही, मागच्या बाकावर नुसती बसते. मंगळवारी एका शिक्षकाशी पंधरा मिनिटं, विषय त्याचा. आणि संध्याकाळी साडेसातनंतर ऑफिशियल ग्रुप म्यूट. अतितात्काळ आलंच तर? आधी मलाही भीती वाटायची. मग बाबूला सांगितलं की खरंच आग लागली तर फोन कर, मेसेज नको. वर्षभरात चार फोन आले. अधिवेशनाचे दिवस सोडून, ते दिवस धरूच नका. त्यासाठी पट, शिक्षकसंख्या, खोल्या, शौचालयं, पाणी, संगणक असले नेहमी विचारले जाणारे आकडे एका शीटमध्ये नोव्हेंबरच्या शेवटी ताजे करून ठेवा, प्रपत्र आलं की त्याचे रकाने आणि तुमच्या शीटचे रकाने एआयला द्या, कुठलं कुठे जातं ते तो जुळवून देतो, दहा मिनिटांचं काम.

अजून एक, जरा नाजूक. रात्री एकटं बसून मनातलं चॅटबॉटला सांगायची सवय लागते, मला लागली होती. ते कधी कंटाळत नाही, कधी उलट बोलत नाही, तुमचंच बरोबर म्हणतं. संस्थेशी माझा वाद चालू होता तेव्हा त्याने मला इतकं बरोबर ठरवलं की मी जवळजवळ राजीनामाच लिहिला. मग शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी हेडमिस्ट्रेस तर्री-पोहे खायला बसलो तर एकीने सरळ सांगितलं, "अगं, यात तुझंही चुकलं." ते कोणतंही ॲप म्हणत नाही. महिन्यातून एकदा अशी बैठक ठेवा, त्यात परिपत्रक काढायचं नाही. आणि झोपच येत नसेल, छाती भरून येत असेल, शाळेच्या गेटाशी पाय जड होत असतील तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. शुगर वाढली की डॉक्टरकडे जातो ना, तसंच आहे हे.

पायरी ८: एकट्याने नको

बाबूला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्या बाबूने मला विचारलंच होतं, "मॅडम, माझी पोस्ट तर जाणार नाही ना याच्यामुळे?" मी म्हटलं तुझी पोस्ट रिकामी असती तर मी काय केलं असतं याचा विचार कर. त्यानेच पुढे एक वही केली, "एआयच्या चुका" नावाची. चुकीचा जीआर, घुसवलेलं सर्वानुमते, १५ जून, सगळं त्यात तारखेसह आहे. महिन्यातून एकदा स्टाफ मीटिंगमध्ये ती वाचतो, सगळे हसतात, आणि शिकतातही. शिक्षकांना सक्ती करू नका. ज्याला फळ्यावरच बरं वाटतं त्याला फळ्यावर राहू द्या, पुढच्या वर्षी तोच येऊन विचारतो की मॅडम ते प्रश्नपत्रिकेचं कसं करता.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर या आठवड्यात फक्त वही. पुढच्या आठवड्यात ओळख-चिठ्ठी आणि एकच काम, पालकांची सूचना घ्या, त्यात चुकलं तरी फार बिघडत नाही. महिन्याने इतिवृत्त, दोन महिन्यांनी तांदळाची शीट. सगळं एकदम सुरू केलं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर काहीच चालू नसेल, हे मी तीन शाळांत बघितलं आहे.

माझी सेवा आता थोडीच राहिली आहे, पुढच्या मे महिन्यात ५८ पूर्ण. चार्ज देताना जी यादी असते, कपाटं, चाव्या, सेवापुस्तकं, दाखल-खारीज रजिस्टर, शिक्के, त्यात या वर्षी दोन नोंदी वाढवल्या आहेत: अनुक्रमांक ४१, प्रॉम्प्टची (एआयला द्यायच्या सूचनांची) फाइल, एक नग. अनुक्रमांक ४२, एआयच्या चुकांची वही, पाने ६३, पुढे चालू.